मध्यरात्र पहाटे साडेपाच वाजता

मध्यरात्र किती वाजता होते, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात वाटतो तितका सरळ नाही. पंचांगाला विचारले तर एक उत्तर मिळते, कृषी फीडरला विचारले तर दुसरे. जिनिंगच्या ऑफिसात कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या सर्व्हरला विचारले तर तिसरेच. सर्व्हरच्या मते मध्यरात्र पहाटे साडेपाचला होते. कोंबडे आरवून दमलेले असतात, टपरीवर चहाची पहिली किटली उतरलेली असते, पांढरकवड्याकडे जाणारी एसटी फलाटाला लागलेली असते, आणि सर्व्हर जाहीर करतो की आत्ता बारा वाजले, कालचा दिवस बंद करा.

प्रस्तुत प्रबंधाचा विषय हाच. ठरलेल्या वेळी ठरलेले काम करणारा सर्व्हर सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंद पेटीत, ठेवला असता काय काय होते आणि काय काय होत नाही. विषय क्षुल्लक आहे, हे आम्हांस मान्य आहे. क्षुल्लक विषयांवर भांडायला फारसे कोणी येत नाही, त्यामुळे अभ्यास निवांत होतो.

आधी व्याख्या. कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगमध्ये रात्री बारा वाजता दिवसभराच्या आवकेची बेरीज मांडायची असते. वजनकाट्याच्या पावत्या हिशेबात ओढायच्या असतात, एक वाजता सगळ्याची एक प्रत दूरच्या यंत्रावर पाठवायची असते, सकाळी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर आजचा भाव धाडायचा असतो. हे माणसाने करायचे तर माणूस जागा हवा, आणि जागा माणूस पगार मागतो. म्हणून ही कामे यंत्राकडे गेली. अशा कामांना 'जॉब' म्हणतात आणि त्यांची वेळ सांभाळणाऱ्याला 'शेड्युलर'. कंटेनर म्हणजे एकाच संगणकाच्या पोटात आखून दिलेली खोली. आत स्वतःच्या फाइली, स्वतःचे नेटवर्क, स्वतःची प्रोसेसची यादी. आतल्याला वाटते सगळा संगणक आपलाच. कर्नल, म्हणजे संगणकाचा गाभा, मात्र सगळ्यांचा मिळून एकच असतो.

या विद्येचा उगम संगणकात शोधणारे विद्वान जरा घाईत असतात. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असे. घंगाळात पाणी भरायचे आणि त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी हळूहळू भरत २४ मिनिटांत बुडते. ती एक घटिका. अशा ६० घटिकांचा दिवस. वेळेचा हिशेब एका भांड्यात आणि ते भांडे दुसऱ्या भांड्यात. वाटी बुडाली की कोणी तरी ती काढून, रिकामी करून पुन्हा सोडायची. याच कृतीला आजचे अभियंते 'रीस्टार्ट पॉलिसी' म्हणतात आणि त्यासाठी फाइलीत एक ओळ लिहितात. फरक एवढाच की घंगाळाशेजारी एक गुरुजी बसलेले असत, ज्यांचे सगळे लक्ष त्या वाटीकडे असे. या गुरुजींना वाचकांनी विसरू नये. प्रबंधाचा सगळा भार पुढे त्यांच्यावर पडणार आहे.

कारण गुरुजी असूनही घोटाळा झाल्याची एक कथा आहे, आणि ती महाराष्ट्राचीच मानायला हरकत नाही. भास्कराचार्य १११४ साली जन्मले. 'लीलावती' हा त्यांचा गणितग्रंथ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आजही आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले आणि त्यात ही कथा सांगितली: लीलावतीच्या लग्नाचा मुहूर्त एकच होता, त्यासाठी घटिकापात्र लावले होते. कुतूहलाने ती वाटीत डोकावली, दागिन्यातला एक मोती निसटून आत पडला आणि भोकावर बसला. वाटी बुडेचना. सगळे मांडवात वाट बघत राहिले. मुहूर्त टळून गेल्यावर कोणी तरी वाटी उचलून पाहिली.

कथेच्या सत्यतेबद्दल इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. आमच्या दृष्टीने तिची मांडणी निर्दोष आहे. यंत्र मोडले नव्हते. चुकीची वेळ दाखवली नव्हती. कोणी ओरडले नाही, काही फुटले नाही, धूर निघाला नाही. जे काम व्हायचे ते झाले नाही, एवढेच. आणि वाटी बुडाली नाही याचा अर्थ 'अजून वेळ झालेली नाही' असाही होतो, 'वेळ कधीच होणार नाही' असाही. बाहेरून दोन्ही अवस्था अगदी सारख्याच दिसतात. पाण्यावर शांतपणे तरंगणारी वाटी. गेली काही दशके सर्व्हर चालवणारे लोक ज्या एका दुखण्याने हैराण आहेत, त्याचे वर्णन याहून नेमके आम्हांस कोठे आढळले नाही.

आता संगणकाकडे. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात 'क्रॉन' होता, म्हणजे ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा पहारेकरी. त्याच आवृत्तीत 'सीएच-रूट' हीही सोय आली, म्हणजे एखाद्या प्रोसेसला फाइलींच्या एका कोपऱ्यात कोंडून ठेवून तोच सगळा संगणक आहे असे भासवण्याची. आजच्या कंटेनरची पणजी ती. पहारेकरी आणि कोठडी एकाच आवृत्तीत आले. पहारेकऱ्याला कोठडीत घालण्याची रीत मात्र मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर जगाला दाखवल्यावरच सर्वत्र पसरली. ३४ वर्षे ही कल्पना कोणी फारशी मनावर घेतली नाही, याबद्दल आम्ही त्या पिढीचे आभारी आहोत.

क्रॉनची भाषा पाच खान्यांची. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या खान्यात काही सांगायचे नसेल तिथे एक फुली-चांदणी. आठवडी बाजार या पाच खान्यांत बिनबोभाट बसतो. १५ ऑगस्ट बसतो. पोळा बसत नाही, कारण श्रावण अमावास्या कोणत्या तारखेला पडेल हे क्रॉनला ठाऊक नाही आणि ते सांगायला सहावा खाना नाही. शिवाय एक खोच अशी की तारीख आणि वार दोन्ही भरले तर क्रॉन 'आणि' असे न समजता 'किंवा' असे समजतो. 'महिन्याच्या एक तारखेला रविवार आला तरच हिशेब कर' असे सांगायला जावे, तर तो दर एक तारखेला हिशेब करतो आणि वर दर रविवारीही करतो. अशा वाढीव निष्ठेबद्दल बोलावे तरी काय! रविवारला दोन आकडे आहेत, शून्य आणि सात. बाकी कोणत्याही वाराला हा मान नाही.

पेटीत काय ठेवावे यावर दोन संप्रदाय आहेत. पहिला म्हणतो, एक पेटी, एक काम. क्रॉन वेगळ्या पेटीत, हिशेब वेगळ्या, डेटाबेस वेगळ्या. या मताला पोथीनिष्ठांचा पाठिंबा आहे. दुसऱ्या संप्रदायाला आम्ही 'शकुंतला संप्रदाय' असे नाव देतो आणि त्याचे पीठ आमच्याच जिल्ह्यात असल्याने थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अडीच फुटी रुळांचा, सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या तरी याची मालकी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होते. मग डिझेल आले. आता गाडीच बंद आहे. पण चालत होती तेव्हा अवघा सात जणांचा चमू सगळे सांभाळत असे. इंजिन जोडणे तेच, सोडणे तेच, सिग्नल तेच, तिकिटेही तेच. पोथीनिष्ठांच्या नियमाप्रमाणे इथे सात पेट्या लागल्या असत्या आणि त्या पेट्यांची आपसांत बोलणी व्हावीत म्हणून आठवी. शकुंतला उशिरा येई हे खरे. पण ती आज आली की नाही, हे वाटेतल्या दारव्ह्यापासून कारंज्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असे, कारण ती येताना ऐकू येत असे. हा मुद्दा पोथीत नाही.

पेटीत सर्वांत आधी सुरू होते ती एक नंबरची प्रोसेस. तिच्यावर पेटीचा जीव. ती संपली की पेटी संपली. क्रॉनला तर जन्मापासून सवय अशी की हाक मारली की 'हो' म्हणून पडद्यामागे जायचे आणि तिथून काम करायचे. त्यामुळे नवशिके अभियंते क्रॉनला पेटीत सुरू करतात, तो पडद्यामागे जातो, पुढे कोणीच उरत नाही, आणि पेटी सुरू झाल्या झाल्या सेकंदात बंद पडते. म्हणून त्याला 'समोरच बस' अशी ताकीद द्यावी लागते.

एक नंबरवर आणखी एक जबाबदारी आहे. ज्या प्रोसेसचे आईबाप आधी संपतात, त्या पोरक्या होऊन हिच्या पदरात येतात. त्या मेल्या की त्यांची नोंद हिने खोडायची. साध्या क्रॉनच्या किंवा हिशेबाच्या प्रोग्रामला हे कुळाचार कोणी शिकवलेले नसतात. मग रेशन कार्डावरच्या मयत आजोबांप्रमाणे ही नावे यादीत तशीच राहतात. काम करत नाहीत, खात नाहीत, पण जागा अडवतात. यादी भरली की नवा जॉब जन्मालाच येत नाही. शिवाय पेटीला 'आता आवर' असा निरोप पाठवला, तर एक नंबरने त्याची खास व्यवस्था केलेली नसल्यास कर्नल तो निरोप तिच्यापर्यंत पोचूच देत नाही. डॉकर १० सेकंद वाट पाहतो आणि मग गळा दाबतो. अर्धी बेरीज तिथेच संपते. यावर 'टिनी' नावाचा इवलासा प्रोग्राम आहे, तो एक नंबरवर बसून फक्त उत्तरक्रिया आणि निरोप सांभाळतो. २०१७ पासून डॉकरमध्ये त्याची सोय आहे. वापरावा. खर्च काही नाही.

आता साडेपाच वाजण्याचे प्रकरण. पेटीत घड्याळ नसते. म्हणजे वेळ खालच्या कर्नलकडून मिळते, पण ती कोणत्या गावची म्हणून वाचायची हे पेटीला कोणी सांगितलेले नसते. न सांगितल्यास ती जागतिक प्रमाणवेळ धरते, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तिच्या मध्यरात्री आपली पहाट होते. पहाटे पाचला जिनिंगच्या फाटकावर टोकन काढून रांगेत उभा राहिलेला शेतकरी पेटीच्या वहीत कालच्या तारखेला लागतो, आणि काल-आजच्या भावात क्विंटलमागे पन्नास रुपयांचा फरक पडला असेल तर त्याचे उत्तर दुपारी खिडकीवर बसलेल्या मुनीमजींना द्यावे लागते. मुनीमजींना ग्रीनिच कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नाही. असले तरी शेतकऱ्याला ते सांगून भागत नाही.

न्यायाने पाहिले तर यवतमाळची खरी वेळ साडेपाचचीही नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाची धरली, तो रेखांश तिकडे मिर्झापूरजवळून जातो. यवतमाळ सुमारे ७८.१ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमचा सूर्य सरकारी घड्याळापेक्षा साधारण साडेसतरा मिनिटे मागे आहे. म्हणजे खरी स्थानिक मध्यरात्र सरकारी बारा वाजून सतरा मिनिटांनी. मुंबईने असल्या बाबतीत बाणेदारपणा दाखवला होता. तिथे 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून होती. वऱ्हाडाने कधी तक्रार केली नाही. आणि आज संगणकाच्या वेळांच्या यादीत आपण शोधायला गेलो तर काय सापडते? 'एशिया/कोलकाता'. मुंबईच्या वेळेची ओळ नाही.

बरे, पेटीला 'कोलकाता' असे सांगून टाकले तरी प्रकरण मिटत नाही. पेट्या हलक्या असाव्यात म्हणून त्यांतून अनावश्यक गोष्टी काढतात, आणि काढणाऱ्याच्या दृष्टीने जगातल्या गावांच्या वेळांचे कोष्टक बऱ्याचदा अनावश्यक ठरते. अशा पेटीला 'कोलकाता' म्हटले की तिला ते गाव माहीत नसते. तिने तसे म्हणायला हवे होते. ती म्हणत नाही. ती जागतिक वेळच चालू ठेवते आणि वर घड्याळापुढे 'एशिया' असा शिक्का मारते. पाहणाऱ्याला वाटते, झाले काम. पेट्यांचे मोठमोठे ताफे सांभाळणाऱ्या कुबर्नेटिसचा जन्म २०१४ चा. त्याच्या ठरावीक-वेळेच्या कामांत गावची वेळ लिहिण्याचा रकाना पक्का झाला तो २०२३ साली. नऊ वर्षे सगळ्या पृथ्वीने कामे कोणत्या वेळेला करावीत हा प्रश्न त्याच्या कर्त्यांना पडला नव्हता, किंवा पडला असेल तर तो त्यांच्या सोयीच्या वेळी पडला असेल.

इथे गुरुजींकडे, म्हणजे वाटीवर नजर ठेवणाऱ्याकडे, परत येतो. क्रॉनच्या जुन्या वंशजांना एक सुसंस्कृत सवय आहे. काम झाल्यावर जे काही बोलणे झाले असेल ते पत्राने मालकाला कळवायचे. संगणकाच्या आतल्या टपालाने. पेटीत टपालखाते नसते. क्रॉन पत्र लिहितो, द्यायला जातो, तिथे कोणी नसते, पत्र टाकून देतो. त्याला पेटी सुरू करताना दिलेली माहितीही कळत नाही: डेटाबेसचा पासवर्ड, पत्ता, काहीच नाही, तो स्वतःच्या मोजक्या शिदोरीवर जॉब सुरू करतो. जॉब पासवर्डवाचून दारावर डोके आपटतो, त्याची तक्रार पत्रात जाते, पत्र टाकून दिले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला पेटी हिरव्या दिव्यासह 'चालू' दिसते. वाटी तरंगते आहे.

आता दुसऱ्या पेटीकडे, जी यवतमाळात हजारोंनी सापडते आणि जिच्यावर संगणकशास्त्राने अन्यायकारक मौन पाळले आहे. विहिरीच्या कडेला, बाभळीच्या खांबावर ठोकलेली स्टार्टरची पेटी. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत, काळोखात, सापविंचवात बांधावर जायचे. म्हणून शेतकरी पेटीत एक 'ऑटो' बसवतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. शेतकरी घरी झोपलेला. हा जॉब शेड्युलरच आहे. ठरलेली घटना, ठरलेले काम, बंद पेटी, आत माणूस नाही. कोणत्याही विद्यापीठाने याला एक पदवी द्यायला हरकत नव्हती.

त्याची पहिली उणीव म्हणजे लाइन आल्याचे त्याला कळते, विहिरीत पाणी आहे की नाही हे कळत नाही. कोरडी मोटर फिरत राहते आणि सकाळी जळक्या वासाने कळते. दुसरी, लाइन आली-गेली-आली असा खेळ झाला तर तो तितक्याच वेळा मोटर ढकलतो. डॉकरला निदान एवढी अक्कल आहे की पुन:पुन्हा मरणाऱ्या पेटीला उठवताना आधी १०० मिलिसेकंद थांबायचे, मग त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट, असे करत मिनिटभरापर्यंत.

तिसरी उणीव सगळ्यांत मोठी. एका डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, पंधरा-वीस मोटरी असतात आणि बहुतेकांच्या पेटीत ऑटो असतो. लाइन आली की सगळे ऑटो एकाच क्षणी जागे होतात. इंडक्शन मोटर थेट सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते. पाच अश्वशक्तीच्या वीस मोटरींनी एकाच सेकंदाला सहापट खेचले, तर ती डीपी काही क्षण सहाशे अश्वशक्तीचा भार उचलायला निघालेली असते. फ्यूज उडतात. फ्यूजच्या जागी जाड तार घातलेली असेल तर डीपी जळते. मग नवी येईपर्यंत गावभर 'डीपी जळाली' एवढे दोनच शब्द ऐकू येतात आणि हरभरा वाळत राहतो. महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे: ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा. शेतकरी ऐकतो आणि ऑटो ठेवतो. त्याचे कारण तर्कशुद्ध आहे: माझ्या एकट्याच्या ऑटोने डीपी जळत नाही, आणि माझ्या एकट्याने तो काढल्याने डीपी वाचत नाही.

संगणकातही अगदी हेच होते. सगळ्या अभियंत्यांना रात्रीचे बारा आवडतात. बॅकअप बाराला, बेरीज बाराला, सफाई बाराला. एका संगणकावरच्या सगळ्या पेट्या एकदम जाग्या होतात, एकच डिस्क सगळे ओढतात, आणि जे काम एरवी पाच मिनिटांत झाले असते ते तासभर धापा टाकते. यावर कोह्सुके कावागुची यांच्या जेन्किन्समध्ये (२०११ पर्यंत त्याचे नाव हडसन होते) एक इलाज आहे. वेळेच्या खान्यात आकड्याऐवजी 'एच' हे अक्षर लिहायचे. मग जॉबच्या नावावरून जेन्किन्स स्वतःच एक मिनिट ठरवतो आणि ते दर वेळी तेच ठेवतो. त्यामुळे जॉब वेगवेगळ्या मिनिटांवर विखुरतात. आणि 'मध्यरात्री' असा शब्दच लिहिला, तर त्याचा अर्थ जेन्किन्स रात्री बारा ते दोन वाजून एकोणसाठ मिनिटे यांमधली कुठली तरी वेळ, असा धरतो. ही मध्यरात्रीची आम्हांस ज्ञात असलेली सर्वांत उदार व्याख्या आहे. जागतिक वेळेच्या पेटीत ती साडेपाचपासून साडेआठपर्यंत पसरते. तोवर मुनीमजींचा नाश्ता उरकलेला असतो.

गावात हाच 'एच' तोंडी चालतो. समजूतदार शेजारी रात्रीच्या पाळीच्या आदल्या दिवशी पारावर एकमेकांना सांगतात, "भाऊ, तू आंधी लाव, माही मोटर पंधरा मिनटानं लावतो." या सोयीला इंग्रजीत भारदस्त नावे आहेत आणि तिच्यावर शोधनिबंध आहेत. पारावर ती फुकट मिळते, पण पारावर जाणाऱ्यांनाच मिळते. ऑटो मात्र कोणाच्याच पारावर जात नाही.

पेटीच्या स्मरणशक्तीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचा विचार होता. ते एका वाक्यात आटोपते: पेटी काढून टाकली की तिच्यात लिहिलेले सगळे जाते, म्हणून वही पेटीबाहेर ठेवावी.

तेव्हा सिद्धान्त काय? काम वेळेवर करणे ही शेड्युलरची सोपी बाजू आहे. ती तांब्याच्या वाटीलाही जमत होती. अवघड बाजू आहे काम झाले नाही हे कोणाला तरी वेळेत कळण्याची. बंद पेटी नेमकी ती बाजू खाऊन टाकते. शकुंतलेचा आवाज होता, घंगाळाला गुरुजी होते, पेटीला हिरवा दिवा आहे आणि तो जॉबचे काहीही झाले तरी हिरवाच राहतो. म्हणून बिघडले तर ओरडणारी व्यवस्था पुरत नाही, कारण सुरूच न झालेला जॉब ओरडत नाही. व्यवस्था उलटी हवी. जॉब संपला की त्याने 'झाले' एवढे बाहेर कळवायचे, आणि ठरल्या वेळेत 'झाले' आले नाही तर बाहेरच्याने आरडाओरड करायची. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे उपकरण आमच्या मते याच कारणाने ऑटोहून वरच्या जातीचे आहे. शेतकरी घरून मोबाइलवर मोटर चालू-बंद करतो, आणि मोटर खरोखर लागली की नाही हे त्याला फोनवरच कळते. अर्थात ज्याला दिवसा वीज मिळते त्याला यातले काहीच लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश तोच आहे, आणि २०२३ मध्ये तिची २.० ही आवृत्ती निघाली. आवृत्त्या काढण्याचा संसर्ग संगणकातून शासनात गेला की उलट, याचा निर्णय पुढील अभ्यासकांनी करावा.

वाचकांना विनंती एवढीच. ज्यांच्या पेटीत क्रॉन आहे त्यांनी आज तिच्यात गावची वेळ आणि वेळांचे कोष्टक दोन्ही आहेत ना ते पाहून घ्यावे, बाराचा जॉब बारा वाजून सतरा मिनिटांवर सरकवावा, आणि सकाळी 'झाले' आले नाही तर एका जिवंत माणसाचा फोन वाजेल अशी सोय करावी. ज्यांच्या विहिरीवर ऑटो आहे त्यांनी तो काढावा. काढवत नसेल तर निदान डीपीवरच्या बाकीच्यांशी एकदा बोलून घ्यावे.